चॅप्टर केसने बंदूक जाते, संरक्षण आदेशाने का नाही?

निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्यात एक काम न चुकता सुरू होते. शस्त्र परवानाधारकांची यादी निघते, छाननी समिती बसते, आणि जे जामिनावर सुटले आहेत, ज्यांच्यावर पूर्वी गुन्हे दाखल आहेत किंवा ज्यांचे नाव आधीच्या दंग्यांत आले होते, अशांना आपली बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस जाते. कोकणात शेतीसंरक्षणासाठी बंदूक बाळगणारे शेतकरी यावर दर निवडणुकीत कुरकुर करतात आणि ती अगदीच अस्थानी नसते, कारण आचारसंहितेच्या काळात माकडे आणि रानडुकरे काही बागायती सोडून जात नाहीत. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेण्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हानही मिळाले, आणि प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करूनच असा आदेश काढावा, ही भूमिका त्यातून पक्की झाली. निकाल लागले की बंदुका परत मिळतात. या व्यवहाराला कोणी जप्ती म्हणत नाही आणि यात कोणाचा मूलभूत हक्क बुडाला असेही कोणाला वाटत नाही.

म्हणजे शासनाने मनावर घेतले तर परवान्याची बंदूक कोणाच्या घरात आहे हे शोधता येते, त्या माणसाकडून असलेला धोका तोलता येतो, ती काही काळ काढून घेता येते आणि वेळ आल्यावर परतही करता येते. आता याच यादीतल्या एखाद्या परवानाधारकाच्या पत्नीने न्यायालयात जाऊन, नवरा मारहाण करतो आणि जिवाला धोका आहे असे सांगितले, दंडाधिकाऱ्यांनी दोन्ही बाजू ऐकून तिच्या बाजूने संरक्षण आदेश दिला, असे समजू. त्या आदेशाचा नवऱ्याच्या बंदुकीच्या परवान्यावर काय परिणाम होतो? आजच्या कायद्यात या प्रश्नाचे उत्तर असे आहे की, आपोआप काहीही होत नाही. मतपेटीच्या शांततेसाठी जी तत्परता आहे ती घरातल्या शांततेसाठी नाही. ही विसंगती कायदा दुरुस्त करून दूर केली पाहिजे, आणि दुरुस्ती होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही, कारण अस्तित्वात असलेल्या कायद्यातच एक वाट आहे जी फारशी कोणी वापरत नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी शस्त्र अधिनियम, १९५९ काय म्हणतो ते पाहू. या अधिनियमाच्या कलम ९ मध्ये, कोणाला बंदूक घेण्यास व बाळगण्यास मनाई आहे, याची यादी दिली आहे. ही यादी फार लांब नाही. एकवीस वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती त्यात आहे. हिंसा किंवा नैतिक अधःपतन असलेल्या गुन्ह्यात कारावासाची शिक्षा झालेली व्यक्ती, शिक्षा संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत, त्यात आहे. आणि तिसरी, आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणाखाली शांतता राखण्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र देण्याचा आदेश जिच्याविरुद्ध झाला आहे अशी व्यक्ती, त्या बंधपत्राची मुदत असेपर्यंत. (१ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि आठवे प्रकरण नववे झाले, तरतुदीचा आशय तोच राहिला.)

हे आठवे प्रकरण म्हणजेच पोलीस ठाण्याच्या आणि गावाच्या बोलीतली ‘चॅप्टर केस’. बांधावरून भाऊबंदांत जुंपली, गणेशोत्सवाच्या तोंडावर दोन मंडळांत तणाव निर्माण झाला, निवडणुकीत गटबाजी उफाळली, की पोलीस दोन्हीकडच्या लोकांवर ‘एकशे सातची कारवाई’ (हे नाव जुन्या संहितेच्या कलम १०७ वरून पडलेले) करतात आणि प्रकरण तहसीलदारांसमोर किंवा पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत सहायक पोलीस आयुक्तांसमोर जाते. हे दोघेही कार्यकारी दंडाधिकारी आहेत. न्यायालयीन सेवेतले न्यायाधीश ते नाहीत. या कारवाईसाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. गुन्हा घडलेलाही असावा लागत नाही. शांतताभंग होण्याची शक्यता पुरेशी असते, आणि बंधपत्र जास्तीत जास्त एका वर्षाचे घेतले जाते. तरीही असा अंतिम आदेश झाला की शस्त्र अधिनियमानुसार तो माणूस तेवढ्या काळासाठी बंदूक बाळगण्यास अपात्र ठरतो. कायदेमंडळाने हे विचारपूर्वक केले आहे. ज्याच्याकडून शांतताभंगाची भीती आहे त्याच्या हातात त्या काळात बंदूक असू नये, हा त्यामागचा सरळ विचार आहे, आणि तो योग्यच आहे.

आता संरक्षण आदेशाकडे पाहू. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी, म्हणजे न्यायालयीन सेवेतला अधिकारी, समोरच्या पक्षाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन आणि कौटुंबिक हिंसाचार झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे याबद्दल प्रथमदर्शनी खात्री करून घेऊन, आदेश देतो. त्या आदेशाने हिंसाचार करण्यास, तिच्या नोकरीच्या ठिकाणी जाण्यास, तिच्याशी कोणत्याही प्रकारे संपर्क साधण्याचा प्रयत्न करण्यास, तिच्या नातेवाइकांना त्रास देण्यास मनाई करता येते. शिवाय आदेशात नमूद केलेली अन्य कोणतीही कृती करण्यासही. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

दोन्ही आदेश शेजारी ठेवून पाहावेत. बांधावरच्या भांडणात तहसीलदाराने घेतलेल्या बंधपत्राने बंदूक जाते. न्यायाधीशाने पुरावा पाहून, एका ठरावीक माणसाकडून एका ठरावीक स्त्रीला धोका आहे असे लिहून दिलेल्या आदेशाने मात्र ती जात नाही. चॅप्टर केसमधला धोका अनेकदा मोघम असतो. गर्दीतला, सणासुदीचा, उद्या विरून जाणारा. संरक्षण आदेशातला धोका एका छपराखालचा असतो, त्याला नाव असते, मागचा इतिहास असतो, आणि ज्या काळात स्त्री न्यायालयात जाते नेमका तोच काळ तिच्यासाठी सर्वांत जोखमीचा असतो, हे या क्षेत्रात काम करणारा प्रत्येक माणूस सांगेल. असे असताना पहिला धोका यादीत आणि दुसरा यादीबाहेर, याचे समर्थन करता येईल असे मला तरी दिसत नाही. समर्थन नसले तरी स्पष्टीकरण आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे. तेव्हा संरक्षण आदेश नावाची गोष्टच आपल्या कायद्यात नव्हती. २००५ साली ती आली तेव्हा जुन्या अधिनियमात एक उपखंड वाढवण्याचे कोणाला सुचले नाही. पुढे २०१९ साली शस्त्र अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली, एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आल्या, लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली. पण कलम ९ च्या यादीत संरक्षण आदेश तेव्हाही आला नाही. वरातीतल्या गोळीची काळजी घेतली गेली. वरात ज्या घरी पोचते त्या घराची राहून गेली.

यावर सरकारी उत्तर ठरलेले आहे: परवाना प्राधिकाऱ्याला, म्हणजे परवाना देणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस आयुक्तांना, आजही पुरेसे अधिकार आहेत. ते खरे आहे. कलम १४ खाली अर्जदार ‘कोणत्याही कारणाने’ परवान्यास अयोग्य वाटला तर परवाना नाकारता येतो, आणि कलम १७ खाली त्याच कारणाने किंवा सार्वजनिक शांतता व सुरक्षिततेसाठी दिलेला परवाना निलंबित वा रद्द करता येतो. पण हे अधिकार ऐच्छिक आहेत आणि ते तीन ठिकाणी अडखळतात.

पहिली अडचण ‘सार्वजनिक’ या शब्दाची. परवाना शाखेतल्या फायलींमध्ये सार्वजनिक शांतता म्हणजे रस्त्यावरची शांतता असाच अर्थ मुरलेला आहे. नवरा-बायकोचे भांडण म्हणजे ‘घरगुती वाद’, आणि घरगुती वादावरून परवाना कशाला काढायचा, ही मानसिकता केवळ कारकुनाची नाही, ती समाजाचीच आहे. दुसरी अडचण न्यायालयीन निकालांची. केवळ गुन्हा दाखल आहे किंवा खटला प्रलंबित आहे एवढ्यावरून परवाना रद्द करता येणार नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. ते तत्त्व म्हणून चूक नाही. पोलिसांनी कोणावर कोणता गुन्हा लावावा याचे स्वातंत्र्य पाहता परवानाधारकाला तेवढे संरक्षण हवेच. पण संरक्षण आदेश म्हणजे प्रलंबित खटला नव्हे, तो न्यायालयाने काढलेला निष्कर्ष आहे, हा फरक कायद्यात लिहिलेला नसल्यामुळे सावध जिल्हाधिकारी दोन्ही एकाच पारड्यात टाकतो आणि अपिलात आदेश टिकणार नाही या भीतीने हात आखडता घेतो.

तिसरी अडचण माहितीची आहे, आणि माझ्या दृष्टीने खरी मेख तीच आहे. २००५ च्या अधिनियमाच्या कलम २४ नुसार दंडाधिकाऱ्याने दिलेल्या प्रत्येक आदेशाची प्रत दोन्ही पक्षांना, सेवा पुरवणाऱ्या संस्थेला आणि त्या न्यायालयाच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला विनामूल्य द्यायची असते. परवाना प्राधिकाऱ्याचे नाव या यादीत नाही. बरे, पोलीस ठाण्याला प्रत मिळाली की काम झाले असे म्हणावे, तर कलम २७ नुसार स्त्री जिथे कायमची किंवा तात्पुरती राहते तिथेही अर्ज करू शकते, आणि मार खाऊन बाहेर पडलेली स्त्री बहुधा माहेरी जाते. सासर सोलापूर जिल्ह्यात, माहेर सांगली जिल्ह्यात असेल तर आदेश सांगली जिल्ह्यातले न्यायालय देईल आणि प्रत तिथल्याच पोलीस ठाण्यात पोचेल. नवऱ्याचा परवाना सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाचा. परवान्याच्या वेळी कलम १३ खाली अहवाल पाठवणारे पोलीस ठाणे सोलापूर जिल्ह्यातले. ज्या ठाण्याला आदेश ठाऊक आहे त्याला बंदुकीशी कर्तव्य नाही आणि ज्याला बंदूक ठाऊक आहे त्याच्याकडे आदेश नाही. त्यात परवान्याची मुदत आता पाच वर्षांची झाल्यामुळे, नूतनीकरणानंतर महिन्याभरात संरक्षण आदेश झाला तर पुढची पडताळणी होईपर्यंत जवळजवळ पाच वर्षे जातात. वास्तविक प्रत्येक परवान्याला विशिष्ट ओळख क्रमांक देऊन राष्ट्रीय माहितीसाठ्यात नोंदवण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे, आणि न्यायालयांचे आदेश ई-कोर्ट्स प्रणालीवर चढतात. दोन्ही नोंदी सरकारी संगणकांवरच आहेत. त्यांची गाठ घालण्याचे काम कोणाचे आहे एवढेच ठरलेले नाही.

आता त्या दुर्लक्षित वाटेबद्दल. २००५ च्या अधिनियमाचे कलम १९ निवास आदेशांचे आहे. राहत्या घरातून स्त्रीला काढू नये, नवऱ्याने घराबाहेर जावे, असे आदेश त्याखाली होतात. त्याच कलमाच्या पोटकलम ३ मध्ये म्हटले आहे की, कौटुंबिक हिंसाचार होऊ नये यासाठी दंडाधिकारी समोरच्या पक्षाकडून, जामीनदारांसह किंवा जामीनदारांविना, बंधपत्र घेऊ शकतो. आणि पोटकलम ४ सांगते की, पोटकलम ३ खालचा आदेश हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणाखालचा आदेश असल्याचे मानले जाईल आणि त्याप्रमाणेच त्यावर कार्यवाही होईल. हे वाक्य शस्त्र अधिनियमाच्या कलम ९ समोर ठेवून वाचावे. आठव्या प्रकरणाखाली बंधपत्राचा आदेश झाला की बंदुकीला मनाई. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात घेतलेले बंधपत्र म्हणजे आठव्या प्रकरणाखालचे बंधपत्र. शब्दशः वाचले तर निष्कर्ष उघड आहे: दंडाधिकाऱ्याने कलम १९(३) खाली बंधपत्र मागितले की त्या बंधपत्राच्या मुदतीत तो माणूस बंदूक बाळगू शकत नाही, मग परवाना प्राधिकाऱ्याला काहीही वाटो.

हा अर्थ ओढूनताणून काढलेला आहे असे काही वकील म्हणतील. त्यांचा युक्तिवाद असा असू शकेल की, ‘मानले जाईल’ ही कायदेशीर कल्पना बंधपत्राच्या अंमलबजावणीपुरतीच आहे, ती दुसऱ्या अधिनियमातली अपात्रता ओढून आणण्यासाठी नाही. हा मुद्दा ऐकून घेण्याजोगा आहे आणि कधीतरी उच्च न्यायालयाने त्याचा निकाल लावावा. परंतु दोन्ही कायद्यांचा हेतू एकच आहे, हिंसा होण्यापूर्वी ती रोखणे, आणि हेतू एक असताना शब्दांना त्यांचा साधा अर्थ न देण्याचे कारण मला सापडत नाही. अडचण अर्थाची कमी आणि सवयीची जास्त आहे. अर्जांत पोटगी, निवास आणि ‘त्रास देऊ नये’ असा मनाई आदेश मागितला जातो; बंधपत्राची मागणी क्वचितच असते. ज्या घरात बंदूक आहे तिथेही नसते, कारण घरात बंदूक आहे का, हे वकिलाने विचारलेलेच नसते.

अधिनियमाखालच्या २००६ च्या नियमांत शस्त्रांचा उल्लेख आहे, हेही नोंदवले पाहिजे. दंडाधिकाऱ्याने लेखी निर्देश दिल्यास संरक्षण अधिकारी, म्हणजे या अधिनियमाखाली स्त्रीच्या मदतीसाठी नेमलेला अधिकारी, पोलिसांच्या मदतीने हिंसाचारात वापरलेले शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. पण ‘हिंसाचारात वापरलेले’ या शब्दांतच मर्यादा आहे. जी बंदूक कधी रोखलीच नाही, केवळ भांडणाच्या ऐन भरात कपाटातून काढून पुसायला घेतली, ती या शब्दांत बसते का? धमकी देण्यासाठी बंदुकीला नेहमी आवाज करावा लागत नाही, आणि वर्षानुवर्षे अशा शांत धमकीखाली राहिलेल्या स्त्रीच्या जबाबात ‘शस्त्र वापरले’ असे वाक्य येणारच नाही.

इतर देशांनी हा प्रश्न सोडवून बरीच वर्षे झाली. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे एकाच बंदूकधाऱ्याने ३५ जणांचा जीव घेतल्यावर केंद्र व राज्यांनी जो राष्ट्रीय शस्त्रकरार केला, त्यात मागील पाच वर्षांत हिंसाप्रतिबंधक किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा आदेश झाला असेल तर परवाना नाकारलाच पाहिजे, असे तत्त्व घालून दिले. दक्षिण आफ्रिकेत २००० सालच्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार अंतिम संरक्षण आदेश हे माणसाला बंदुकीस अपात्र ठरवण्याचे एक स्वतंत्र कारण आहे. कॅनडाने २०२३ च्या डिसेंबरात मंजूर केलेल्या कायद्याने संरक्षण आदेश असलेल्या व्यक्तीला परवान्यास अपात्र ठरवले.

पण आपल्यासाठी सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेचे आहे, कारण तिथे बंदूक बाळगणे हा संविधानातला हक्क आहे. त्या देशातही १९९४ पासून संघीय कायदा असा आहे की, नोटीस देऊन व म्हणणे ऐकून झालेला कौटुंबिक हिंसाचाराचा मनाई आदेश ज्याच्यावर आहे, त्याला बंदूक बाळगता येत नाही. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंदुकीचा हक्क विस्तारल्यावर, २०२३ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २१ जून २०२४ रोजी रहिमी खटल्यात आठ विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने कायदा उचलून धरला. दुसऱ्याच्या शारीरिक सुरक्षिततेला धोका असल्याचे न्यायालयाला आढळले असेल, तर त्या माणसाची बंदूक तात्पुरती काढून घेणे संविधानाशी सुसंगत आहे, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिले. एकट्या न्यायमूर्ती थॉमस यांनी विरोधी मत दिले. मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाती बंदूक असेल तर स्त्रीच्या खुनाचा धोका सुमारे पाचपट होतो, हा अमेरिकेतल्या अकरा शहरांतल्या अभ्यासाचा २००३ सालचा निष्कर्ष तिथल्या चर्चेत सतत येतो. बंदूक जिथे हक्क आहे तिथे एवढे होऊ शकते. आपल्याकडे तर ती शासनाने दिलेली सवलत आहे. मागणाऱ्याला आपल्याला ती का हवी, हे आधी पटवून द्यावे लागते. बहुतेक जण कारण लिहितात की जिवाला धोका आहे. स्वतःच्या जिवाला धोका आहे म्हणून बंदूक मागणारा माणूस दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असे न्यायालय म्हणत असेल, तर परवाना प्राधिकाऱ्याने यातले पहिलेच वाक्य का वाचावे?

आक्षेपांपैकी एक चटकन बाजूला ठेवता येतो. भारतात बंदुकीने होणाऱ्या हत्यांत परवान्याची बंदूक क्वचित असते, गावठी कट्टाच जास्त असतो, आणि स्त्रियांना मारायला तर बंदूकही लागत नाही. रॉकेल, दोरी, हात पुरतात. हे खरे आहे. पण बेकायदा कट्ट्यांवर ताबा नाही म्हणून स्वतःच्या सहीने दिलेल्या बंदुकीची जबाबदारी शासनाने झटकावी, असा त्याचा अर्थ होत नाही. कट्टा शोधावा लागतो. परवान्याच्या बंदुकीचा पत्ता आधीच फायलीत असतो.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. खोटे अर्ज होतात, घटस्फोटाच्या वाटाघाटींत दबाव म्हणून कौटुंबिक हिंसाचाराची केस टाकली जाते, आणि उद्या एका प्रतिज्ञापत्रावर कोणाचीही बंदूक जाईल, अशी भीती व्यक्त होते. ती मी सरसकट धुडकावणार नाही. पण कायद्यातच दोन पायऱ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवता येतात. कलम २३ खालचा एकतर्फी अंतरिम आदेश स्त्रीच्या प्रतिज्ञापत्रावर होतो. त्या टप्प्यावर माणसाला अपात्र ठरवू नये, बंदूक मात्र ठरावीक दिवसांसाठी जमा करून घ्यावी, आणि तो हजर झाल्यावर त्या एका मुद्द्यावर लगेच सुनावणी व्हावी. म्हणणे ऐकून झालेल्या आदेशानंतर मात्र आदेश असेपर्यंत अपात्रता हवी. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील आहे, आणि परिस्थिती बदलली तर कलम २५ खाली तो माणूस स्वतःही आदेशात बदल मागू शकतो. बंदूक सरकारजमा होत नाही. बाळगणे बेकायदा झाल्यावर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायची आणि पुन्हा कायदेशीर झाल्यावर परत घ्यायची, अशी सोय शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ मध्ये आहे. खोट्या अर्जात अडकलेल्या माणसाचे नुकसान होईल ते काही महिने बंदुकीविना राहण्याचे. खऱ्या अर्जाकडे दुर्लक्ष झाले तर होणारे नुकसान अपिलात भरून निघत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो आणि त्यावर माझ्याकडे निर्विवाद उत्तर नाही. आपल्याकडे बँका, सराफी दुकाने, रोकड वाहून नेणाऱ्या गाड्या यांच्यावर बंदूक घेऊन उभा असलेला रखवालदार पुष्कळदा निवृत्त सैनिक असतो, आणि बंदूक व परवाना त्याच्या स्वतःच्या नावावर असतो. त्या बंदुकीमुळेच त्याला नोकरी मिळालेली असते. त्याचा परवाना गेला की पगार गेला, आणि पगार गेला की त्याच न्यायालयाने त्याच्या पत्नीला मंजूर केलेली दरमहाची रक्कमही गेली. म्हणजे तिला वाचवण्यासाठी केलेला उपाय तिच्याच ताटातले काढून घेऊ शकतो. हे ठाऊक असल्यामुळे काही स्त्रिया बंदुकीचा उल्लेखच टाळतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. अशा प्रकरणात दंडाधिकाऱ्याला कारणे लिहून अपवाद करण्याचा अधिकार असावा, बंदूक कामाच्या वेळेपुरती हातात आणि एरवी कामाच्या ठिकाणी कुलूपबंद राहावी, अशी अट घालता यावी, असे मला वाटते. मात्र तिला ठार मारण्याची धमकी दिल्याचा पुरावा असेल तिथे हा अपवाद नको. ही तडजोड आहे आणि तिच्यात जोखीम उरते, हे मी मान्य करतो. पोलीस आणि लष्करातल्या नोकरांचा प्रश्न याहून निराळा आहे, कारण कर्तव्यावरच्या शस्त्राला परवान्याची अटच लागू नाही. त्यांच्याबाबत संरक्षण आदेशाची प्रत थेट वरिष्ठांकडे जावी आणि कर्तव्य संपल्यावर शस्त्र शस्त्रागारात जमा होते की नाही याची जबाबदारी त्या वरिष्ठांवर टाकावी.

आणखी एक गोष्ट परदेशी कायद्यांतून उचलता येणार नाही, ती आपल्यालाच बसवावी लागेल. आपल्या एकत्र कुटुंबात मारणारा मुलगा असतो आणि परवाना वडिलांच्या नावावर असतो. कलम ९ माणसाला अपात्र ठरवते, घराला नाही. मुलावर संरक्षण आदेश झाला तरी सासऱ्यांची बारा बोर माजघरात आहे तिथेच राहते, आणि तिच्या कपाटाची किल्ली कुठे असते हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. सासू-सासरेही या अधिनियमाखाली समोरचे पक्ष होऊ शकतात, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने समोरच्या पक्षाच्या व्याख्येतले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्दच काढून टाकल्यामुळे त्यात आता शंकाही राहिलेली नाही. तेव्हा त्यांना पक्षकार करून, ज्या घरात स्त्री राहते त्या घरात आदेश असेपर्यंत कोणाचीही बंदूक ठेवू नये, असा आदेश कलम १८ च्या ‘अन्य कोणतीही कृती’ या शब्दांखाली मागता येईल. परवानाधारकाने बंदूक अनधिकृत हातात जाऊ देऊ नये, ही जबाबदारी तशीही त्याच्यावर आहेच.

संसदेने करायची दुरुस्ती दोन ओळींची आहे: शस्त्र अधिनियमाच्या कलम ९ मध्ये संरक्षण आदेशाचा उपखंड, आणि २००५ च्या अधिनियमाच्या कलम २४ मध्ये प्रत मिळणाऱ्यांच्या यादीत परवाना प्राधिकाऱ्याचे नाव. ती कधी होईल ते होवो. तोवर तालुक्याच्या न्यायालयात अर्ज लिहिणाऱ्या वकिलाने आणि कौटुंबिक घटना अहवाल भरणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याने प्रत्येक स्त्रीला, घरात बंदूक आहे का, कोणाच्या नावावर आहे आणि परवाना कोणत्या जिल्ह्याचा आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर ‘आहे’ असे आले तर अर्जाच्या शेवटच्या विनंतीच्या परिच्छेदात आणखी एक कलम घालावे: कलम १९(३) अन्वये बंधपत्र घ्यावे, आदेश असेपर्यंत बंदूक व काडतुसे नजीकच्या पोलीस ठाण्यात जमा करण्याचा निर्देश द्यावा, आणि आदेशाची एक प्रत परवाना देणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा पोलीस आयुक्तांच्या कार्यालयाकडे, परवाना क्रमांक लिहून, पाठवावी.